राखून ठेवलेला बोनस

४ फेब्रुवारी

आज जेमतेम पाच मिनिटं भेट झाली. दुसरी बस आलीच नाही. स्टॉपवरची एक बाई म्हणाली, "दुपारची बंद केलीय हो. बोर्ड लावलाय ना." मी ज्या खांबाला टेकून उभा होतो, त्याच्याच मागच्या बाजूला बोर्ड होता. चालत गेलो. शुश्रूषागृहात पोचेपर्यंत भेटीची वेळ संपली होती. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, पटकन जाऊन या. माझी नोकरी घालवू नका."

ही जागी होती. बायकोला मी आयुष्यभर 'ही' म्हणत आलो, वहीतही तसंच लिहितो. डिसेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे तेवढे पहिल्यासारखे आहेत. मी आत शिरलो तरी ती थोडा वेळ दाराकडेच बघत राहिली, जणू माझ्यामागून आणखी कोणी यायचं आहे.

जवळच्या शुश्रूषागृहात नाव नोंदवलं आहे. जागा कधी होईल ते कोणी सांगत नाही. आणि जागा कशी होते हे माहीत असल्यामुळे मी विचारतही नाही.

परत येताना ठरवलं. गाडी घ्यायची.

६ फेब्रुवारी

कपाटातून पत्र काढलं. जुनी गाडी विकली त्याला मार्चअखेर तीन वर्षं होतील. तेव्हा विमा कंपनीने लिहून दिलं होतं की यांनी एकदाही भरपाई मागितलेली नाही, सबब यांचा नो क्लेम बोनस राखून ठेवला आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गाडी घेतली तर नव्या विम्याच्या हप्त्यात तेवढी सूट मिळेल. नंतर नाही. बोनस सगळ्यात वरच्या पायरीचा आहे. त्याच्या वर पायरी नसते.

पैशाचं तितकंसं नाही. नोकरीत मी लिफ्ट तपासायचो. दोर, ब्रेक, दारं बघून दाखला द्यायचा. दाखला टांगला की लोक वर न बघता आत शिरतात. हे पत्र मला तसं वाटतं. दर वर्षी विम्याचे कागद आले की मी ते जेवताना मोठ्याने वाचायचो. "एकही क्लेम नाही," असं म्हणून हिच्याकडे बघायचो. ही म्हणायची, "जेवण गार होतंय."

गाडी विकायचं हिनेच काढलं होतं. लेकीने उचलून धरलं. मी का मान्य केलं ते आता आठवत नाही.

९ फेब्रुवारी

लेक-जावई दर रविवारी मला तिकडे नेतात. आज जाताना सांगितलं.

"बाबा, गाडी नको," लेक म्हणाली.

"का?"

"डोळे."

"मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, चालवायला हरकत नाही."

"गुडघा."

"गाडी गुडघ्यावर चालत नाही."

जावई म्हणाला, "मी टॅक्सीचं बघतो. महिन्याचं ठरवून टाकू."

"आणि बोनस? तो मार्चअखेर फुकट जाऊ द्यायचा?"

"बोनस खरं तर आईंनाच द्यायला हवा," जावई म्हणाला.

लेकीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचा सिग्नल येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. मला मात्र बरं वाटलं. सासूचा मान ठेवणारे जावई आता कुठे मिळतात.

१४ फेब्रुवारी

विमावाल्याकडे गेलो. शिंप्याच्या दुकानावर त्याची खोली आहे. खालून शिवणयंत्राचा आवाज येत असतो, त्यामुळे तो नेहमी थोडं ओरडून बोलतो. आमचे सगळे विमे त्याच्याच वडलांनी आणि मग त्याने उतरवले. पत्र बघून म्हणाला, "काका, पत्र खणखणीत आहे." पण चेहरा खणखणीत नव्हता.

अर्ज तोच भरत होता. मी सांगत होतो. वय, परवाना, चष्मा. मग एक प्रश्न आला: गेल्या पाच वर्षांत कोणताही अपघात झाला आहे काय, भरपाई मागितलेली असो वा नसो.

"नाही," मी म्हणालो.

त्याचं पेन थांबलं. "काकू कशा आहेत?"

"तशाच. नाही लिही."

"काका, पाच वर्षांतली दोन तर तुम्ही जुनी गाडी चालवत होता."

"हो. मग?"

"मग काही नाही." त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. "एवढा रकाना तुम्ही घरी जाऊन भरा. सावकाश. आठवून."

याचे वडील असते तर अर्ज पुरा करून, शिक्का मारून हातात दिला असता. पोरं आळशी झाली आहेत.

१८ फेब्रुवारी

टॅक्सी लावली होती. दोन दिवस आली. आज फोन केला तर म्हणतो, त्या टोकाला परतीचं भाडं मिळत नाही, दुसरं कोणी बघा. दुसरा बघितला. तोही तेच म्हणाला. हिच्याकडे जाणं झालं नाही.

२० फेब्रुवारी

एक जुनी गाडी विकायची आहे असं कळलं. छोटी, पांढरी, एका बाईंनी वापरलेली. घेण्याआधी मिस्तरीला दाखवावी म्हणून आमच्या भागातल्या गॅरेजमध्ये नेली. मी तिथे कधी गेलो नव्हतो. आपली गाडी कधी गॅरेजला लागलीच नाही, असं मी मिस्तरीला सांगितलं.

तो गाडीखालून बाहेर आला. माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही निळ्या गाडीवाल्या वहिनींचे मिस्टर का?"

"हिला ओळखता तुम्ही?"

"ओळखता म्हणजे? त्यांनी गाडी विकली तेव्हा मी बायकोला म्हटलं, आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानेही आवरतं घेतलं. "म्हणजे, पॉलिशला यायच्या हो. मागचं पॉलिश, पुढचं पॉलिश. एकदा दार पॉलिश केलं होतं."

"दार?"

"नवीन बसवून पॉलिश केलं." मग त्याने हात पुसले. "ती सायकलसुद्धा इथेच सरळ करून दिली. आता कशा आहेत वहिनी?"

मला सायकल आठवत नाही. हिला गाडी चकचकीत ठेवायची इतकी हौस होती, हेही माहीत नव्हतं. मी कामावर गेल्यावर दुपारी ही शिकवण्या घ्यायची, गणिताच्या. त्यातून वेळ कसा काढला असेल?

पांढरी गाडी चांगली आहे, मिस्तरी म्हणाला. ब्रेक उत्तम आहेत. ब्रेकचं त्याने दोनदा सांगितलं.

२३ फेब्रुवारी

जाताना गाडीत लेकीला विचारलं, "आई मिस्तरीकडे कशाला जायची?"

"तिलाच विचारा," ती म्हणाली आणि मग आपण काय बोललो हे कळून खिडकीबाहेर बघायला लागली.

१ मार्च

रकाना भरला. 'नाही' लिहिलं.

लिहिण्याआधी बराच वेळ बसलो हे खरं आहे. गाडी कधी कशाला टेकली नाही असं मी म्हणणार नाही. खांबाला टेकली असेल. फाटकाला घासली असेल. पण अपघात म्हणजे ज्याची नोंद होते तो. लिफ्टचंही तसंच. लिफ्ट मजला चुकून बोटभर खाली थांबली तर त्याला कोणी अपघात म्हणत नाही. भरपाई मागितली नाही, कंपनीने पत्र दिलं, पत्र समोर आहे. मी एकटा उठून त्याच्या उलट काय लिहू? आणि कशाच्या आधारावर?

पण प्रश्नाचं शेपूट मला आवडलं नाही. मागितलेली असो वा नसो.

८ मार्च

गाडी दारात आली. विम्याचे कागदही आले, पूर्ण बोनस धरून. सवयीने मोठ्याने वाचायला लागलो आणि थांबलो. ऐकायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी लेक आली. गाडीभोवती एक फेरी मारली. "बाबा, मी तुम्हाला थांबवू शकत नाही ना?"

"कायद्याने नाही."

"मी कायद्याचं विचारत नाहीये."

"मग कसलं विचारतेस?"

मी म्हणालो, बस, एक चक्कर मारू. तिला घरी काम होतं. तिला नेहमी काम असतं हे खरं आहे. पण गाडीचं दार उघडून, परत हळूच लावून ती चालत स्टॉपवर गेली.

१२ मार्च

आज गाडीने गेलो. भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी पोचलो. सिस्टर म्हणाल्या, "आज काय, पाहुणे लवकर!" पूर्ण वेळ बसलो. हिच्या उशीशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. भाव, हवामान; मृत्यूच्या बातम्या गाळून बाकी सगळं.

निघताना सांगितलं, "मी गाडी घेतली. स्वतः चालवत आलो. बोनस जसाच्या तसा मिळाला."

हिने डाव्या हाताने खाटेचा कठडा धरला. इतका घट्ट की बोटं पांढरी झाली. बराच वेळ सोडेना. तिला असा आनंद झालेला मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. सिस्टर धावत आल्या, "आजी, काय होतंय? दुखतंय का?"

"दुखत नाहीये, खूश आहे ती," मी म्हणालो.

१५ मार्च

रोज जातो. रस्ता पाठ झाला आहे. शेवटचं वळण मात्र अरुंद आहे, आणि तिथे नेहमी काहीतरी उभं असतं.

१९ मार्च

नीट लिहायला हवं.

शेवटच्या वळणावर आवाज झाला. मोठा नाही. धुलाईच्या व्हॅनचं उघडं दार माझ्या गाडीच्या तोंडात अडकलं होतं. व्हॅनमधल्या चादरी रस्त्यावर आल्या. व्हॅनवाला दाराच्या अलीकडे उभा होता. पलीकडे असता तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

मी सीटवर बसून राहिलो. काच वर होती. तो खिडकीशी येऊन बोलत होता, तोंड हलताना दिसत होतं. मी वाट बघत होतो. कशाची ते थोड्या वेळाने कळलं. शेजारचं दार उघडायची.

असं काही झालं की ही उतरायची. "तुम्ही बसा, मी बघते," म्हणायची. मी काच वर करून समोर बघायचो. ही बाहेर त्या माणसाशी बोलायची. ओरडायची नाही. मान एका बाजूला कलती करून त्याचं सगळं ऐकून घ्यायची, मग आपण थोडंसं बोलायची. परत येऊन बसली की म्हणायची, "चला." मी कधी विचारलं नाही. गाडी सुरू करायचो. घर येईपर्यंत ती गोष्ट घडलेलीच नसायची.

किती वेळा, ते मी इतका वेळ मोजायचा प्रयत्न करतोय. मोजता येत नाही. मी समोर बघत होतो.

आज मी उतरलो.

"काय काका, डोळे घरी ठेवून आलात का?" व्हॅनवाला म्हणाला.

मला पहिलं वाक्य सापडेना. बिल्डिंगच्या मालकांना मी चार मजले ऐकू जाईल अशा आवाजात झापलं आहे. पण चूक आपली असली की कुठून सुरुवात करतात ते मला येत नाही. शेवटी म्हणालो, "लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. मालकाला लागेल. दार बघा की."

"मी भरून देतो."

"भरून कशाला देताय? विमा आहे ना? मग क्लेम करा. नाहीतर एवढा हप्ता भरता तो काय पूजेला?"

आम्ही दोघांनी चादरी उचलल्या. मी एक उचलेपर्यंत तो चार उचलत होता. "राहू द्या हो," तो म्हणाला, "परत धुवायच्याच आहेत. आमचं काम वाढवलंत तेवढं." त्याने माझा फोन नंबर घेतला आणि खरा आहे का ते तिथेच वाजवून पाहिलं.

वर गेलो. माझे हात काळे झाले होते. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, गंमत सांगते. कालपासून आजी उत्तर द्यायला लागल्यात. डावा हात हातात घ्या. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही."

हात धुवून आलो. हिचा हात हातात घेतला. "जेवलीस?" एकदा. "दुखतंय?" दोनदा. मला हसू आलं, रडूही. एवढ्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा बोलत होतो.

मग सांगितलं, "आज गाडी लागली. व्हॅनला. माणसाला काही झालं नाही."

हात ताठ झाला होता, तो हळूहळू सैल पडला.

"मी उतरलो. पण काय बोलायचं ते सुचेना. तू माफी मागायचीस का?"

एकदा.

"चूक त्यांची आहे, असं कधी म्हणालीस?"

दोनदा.

"एखाद्या वेळी असेल ना त्यांची?"

थोडं थांबून, दोनदा.

"म्हणजे दर वेळी माझीच?"

एकदा. जोरात नाही.

"सायकलवाला होता कोणी?"

एकदा. हिने डोळे मिटले. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. तेवढ्यात सिस्टर औषध घेऊन आल्या, आणि त्या गेल्यावरही मी तो विचारला नाही. हे इथे लिहून ठेवतो.

"क्लेम करू?"

एकदा.

"बोनस जाईल."

हा प्रश्न नव्हता. तरी तिने एकदा दाबला.

२० मार्च

विमावाल्याकडे गेलो. क्लेम लिही म्हणालो. आणि अर्जातलं 'नाही' काढून तिथे 'हो' लिही.

तो उठून दार लावून आला. "काका, क्लेम करा. तो तुमचा हक्क आहे. पण दुसरं कशाला? झाकली मूठ आहे ती. अर्जातली उत्तरं अशी मधेच बदलत नाहीत."

"लिफ्टचे दाखले मी मधेच रद्द केलेत. लोक आत असताना."

तो खाली बसला. खालचं यंत्र थांबलं होतं, त्यामुळे पहिल्यांदाच तो हळू बोलला. "काकूंनी मला शपथ घातली होती. तुम्हाला कळू द्यायचं नाही. मी एकदा त्यांना कागदावर मांडून दाखवलं. म्हटलं काकू, वाचणाऱ्या बोनसपेक्षा मिस्तरीचं बिल जास्त होतंय, करून टाका ना क्लेम. म्हणाल्या, मला गणित शिकवू नकोस."

"मग कशासाठी केलं?"

"मला काय माहीत, काका. म्हणाल्या, कागद आले की हे मला वाचून दाखवतात."

त्याने अर्ज काढला. 'हो' मीच लिहिलं. खाली तपशिलासाठी जागा होती. मी म्हणालो, तपशील माझ्याकडे नाही, गॅरेजमध्ये विचारा. तो म्हणाला, असं लिहिता येत नाही. मग आम्ही लिहिलं: अनेक किरकोळ. 'किरकोळ' खरं आहे की नाही तेही मला माहीत नाही.

२५ मार्च

लेकीला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, आम्ही सांगत नव्हतो का. ती माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी लहान होते तेव्हा मागच्या सीटवर असायचे. आई उतरली की मी डोळे मिटून घ्यायचे."

ती मागे होती, हेही मी विसरलो होतो.

४ एप्रिल

कंपनीचं उत्तर आलं. बोनस रद्द. बोनस राखून ठेवल्याचं पत्रही त्यांनी परत मागवलं आहे. व्हॅनचं दार भरून दिलं. माझी गाडीही सरळ होऊन आली. विमा चालू ठेवला आहे, पूर्ण हप्त्याने. विमावाला फोनवर म्हणाला, "काका, एवढ्यावर निभावलं म्हणायचं. आता सगळं रीतसर आहे. चालवायला काहीच हरकत नाही."

गाडी दारात उभी आहे. मी बसने गेलो आणि पुढे चाललो. गुडघ्याने मधेच दोनदा बसवलं, एकदा एका दुकानाच्या पायरीवर, एकदा नुसत्याच पायरीवर. पोचलो तेव्हा बाकीचे लोक बाहेर पडत होते.

हिचा हात घेतला.

"मी बसने आलो," म्हणालो. "उशीर झाला. उद्या गाडीने येऊ?"

दोनदा.

"विमा आहे. सगळं खरं लिहून दिलंय."

दोनदा.

"सावकाश चालवीन."

दोनदा.

"मग रोज यायला जमणार नाही. लेकीबरोबर रविवारचा येत जाऊ?"

दोनदा. आतापर्यंतचं सगळ्यात जोरात.

"गाडीनेही नको, आणि न येणंही नको?"

एकदा.

"मग येऊ कसा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. सिस्टर दारात आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, आता निघा." मी उठलो. ती बोटं सोडीना. एकेक करून मलाच सोडवावी लागली.